परिचयात न लिहिलेलं गाव

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवी होती त्यांना तर नाहीच. नव्वदच्या दशकात आम्ही चौघांनी सांगलीत बसून आठवीच्या मुलांसाठी विज्ञानाच्या प्रयोगांचं एक पुस्तक लिहिलं. त्याच्या एका बैठकीत मला एक साधा प्रश्न विचारला गेला. त्याचं उत्तर त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा मला चांगलं ठाऊक होतं. मी खोटं उत्तर दिलं. पुढं त्या पुस्तकातला एक प्रयोग करताना एका मुलीचा डोळा गेला.

एवढं लिहून झालं की बाकीचं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाही. पेन खाली ठेवून मी बराच वेळ गच्चीत फिरत राहिलो, मग परत येऊन बसलो.

तेव्हा मी साताऱ्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. वय तिशीच्या अलीकडे, नोकरी नुकतीच कायम झालेली. आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेले एक प्राचार्य होते, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. सांगलीच्या एका छोट्या प्रकाशकानं त्यांच्याकडं पुस्तकाचं काम सोपवलं आणि सरांनी मला बरोबर घेतलं. पुस्तकावर आपलं नाव छापून येणार, या कल्पनेनंच मी हुरळून गेलो होतो. दर रविवारी सकाळी सातारा स्टँडवरून सांगलीची एसटी पकडायची. सर खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी. उंब्रजला गाडी थांबली की सर शेंगदाण्याची पुडी घ्यायचे आणि कऱ्हाड येईपर्यंत मला एकेक दाणा मोजून दिल्यासारखा देत बोलत राहायचे.

बाकीचे दोघे सांगलीचेच. एक होते पुण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन गावी परतलेले शास्त्रज्ञ. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. गोरे, हसरे, स्वभावानं अगदी मऊ. दुसऱ्या होत्या मिरजेच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाई. चाळिशीतल्या. प्रत्यक्ष आठवीच्या वर्गावर रोज उभ्या राहणाऱ्या आमच्यात त्या एकट्याच.

आमची कामाची एक पद्धत होती. प्रकाशकाच्या दुकानाच्या माळ्यावर सतरंजी टाकून बसायचं. सर मजकूर मोठ्यानं वाचायचे. एक वाक्य झालं की चष्म्याच्या वरून सगळ्यांकडं बघायचे. कुणी काही बोललं नाही, की त्या वाक्यापुढं पेन्सिलीनं बरोबरची खूण. मग पुढचं वाक्य. प्रयोग मात्र आम्ही खरोखर करून बघत होतो, त्याचा सरांना अभिमान होता. बाजारातली बहुतेक पुस्तकं जुन्या पुस्तकांतून प्रयोग उतरवून घेतात, आपलं तसं नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे. सांगलीतल्या एका कॉलेजनं रविवारी आम्हाला प्रयोगशाळा उघडून दिली होती. पांढऱ्या फरशीची लांब टेबलं, प्रत्येक टेबलाला बेसिन आणि नळ. नळ सोडला की पाणी यायचं, बंद केला की थांबायचं. ह्यात काही विशेष आहे असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. म्हणजे, मी सोडून कुणाला वाटलं नाही.

कारण मी साताऱ्याचा नव्हतोच.

माझं गाव जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेली एक वस्ती. आमच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की अप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन नदीकाठच्या उसाच्या मुलखात उतरायचे, आणि मृग जवळ आला की परत. माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, अर्धी कन्नड अर्धी मराठी बोलायची. आम्ही भावंडंही तसंच बोलायचो. पाणी टँकरनं यायचं. टँकर आला की पाइप कोरड्या विहिरीत सोडून देत, आणि मग सगळी वस्ती दोर-बादल्या घेऊन विहिरीवर तुटून पडायची. शाळा चालू असताना टँकरचा हॉर्न वाजला तर गुरुजी शाळाच सोडून देत, कारण तसंही कुणी थांबणार नसे. शाळेच्या कोपऱ्यात एक रांजण होता. दुपारनंतर त्यात हात घातला तर बोटांना गाळ लागायचा. पाटी आम्ही थुंकीनं पुसायचो.

वसतिगृहात जागा मिळाली म्हणून मी लहानपणीच साताऱ्यात आलो. पहिल्या आठवड्यात कुणीतरी भात वाढताना विचारलं, मी म्हणालो, ‘मला लय भूक न्हाई.’ त्यात कन्नडचा हेलही असणार. सगळी पंगत हसली. ती मुलं वाईट नव्हती, त्यांच्यातली दोन आजही माझे मित्र आहेत. पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायला लागलो. वर्षा-दोन वर्षांत माझी जीभ साताऱ्याची झाली. कुणी गाव विचारलं तर सातारा म्हणायचं, एवढं पुरायचं.

पुस्तक संपत आलं तेव्हा प्रकाशकानं सुचवलं की शेवटच्या पानावर लेखकांचा परिचय द्यावा. नुसत्या पदव्या नकोत. शास्त्रज्ञ आणि विज्ञानाचे शिक्षक कुठून येतात, कसल्या घरात वाढतात, हे मुलांना कळू द्या, म्हणाला. सरांना ही कल्पना फार आवडली. मग एका रविवारी आम्ही आळीपाळीनं आपापली माहिती सांगायला बसलो आणि सर उतरवून घेऊ लागले.

डॉक्टरांचे वडील सांगलीत वैद्यकी करायचे. घरात सूक्ष्मदर्शक होता, लहानपणी त्यातून कांद्याचा पापुद्रा बघितला आणि तिथंच ठरलं, असं त्यांनी सांगितलं. सरांचे वडील साताऱ्यात शिक्षक. घरी मासिकं यायची, तारांगणाचे नकाशे होते. सर सांगत होते ते खोटं नव्हतं, आणि ऐकायला छानही वाटत होतं.

मग बाई. त्यांनी सांगितलं की धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं सोडली, गावानं बोलणं टाकलं, आणि ते मिरजेला येऊन रेल्वेत खलाशी झाले. गावात असताना त्यांची आई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. कधी दुपार व्हायची. बाई हे अगदी सपाट आवाजात सांगत होत्या, एखादी कृती सांगावी तसं.

सरांनी पेन्सिल थांबवली. म्हणाले, ‘हे मुलांच्या पुस्तकात कसं घालायचं? आपण असं लिहू, प्रतिकूल परिस्थितीतून शिक्षण पूर्ण केले.’

‘प्रतिकूल म्हणजे काय, तेच तर मुलांना कळायला हवं ना, सर?’ बाई म्हणाल्या.

सर हसले आणि त्यांनी ‘प्रतिकूल परिस्थिती’ लिहिलं. डॉक्टर हातातल्या कागदात बघत होते. नंतर सर माझ्याकडं वळले.

मी म्हणालो, ‘सातारा. वडील नोकरीत होते.’

‘कुठल्या?’

‘सहकारात.’

सातारा-सांगलीकडं सहकार म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. सरांनी तसं लिहून घेतलं. बाईंनी एवढं उघड बोलून दाखवल्यावर लगेच पाठोपाठ मी हे बोललो. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, ते मला आठवतं. अप्पा त्या वेळी मेंढरं घेऊन कुठल्याशा उसाच्या रानात बसले असतील.

त्यानंतर चहाच्या वेळी डॉक्टर गंमत म्हणून एका जुन्या शिबिराच्या गोष्टी सांगायला लागले. ते कधीकाळी जतकडं गेले होते. तिकडचा उन्हाळा, तिकडची माणसं. सरांना चेव आला. म्हणाले, ‘जतच्या माणसाला नळाखाली उभं केलं ना, तर तो आधी छत्री मागेल.’ पानं जुळवायचं काम बघणारा प्रकाशकाचा माणूस तिथं होता, तो खो-खो हसला. डॉक्टरही हसले. मी हसलो, आणि जरा जास्तच हसलो. बाई हसल्या की नाही ते मी बघितलं नाही.

ह्या चहानंतरच वाचन पुढं सुरू झालं, म्हणून हा विनोद सांगावा लागला. माझा बचाव म्हणून सांगत नाहीये. पण त्या हसण्यानंतर तासाभरात मला ते विचारलं गेलं, आणि तोवर ते हसू माझ्या तोंडावरून पुरतं उतरलंही नव्हतं.

प्रयोग होता कळीच्या चुन्याचा. घराला रंग द्यायला जो ढेकळासारखा चुना आणतात, तो. त्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, रटरटतो, भांडं चटका बसेल इतकं तापतं. मुलांना हे फार आवडतं. आम्ही तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघितला होता. पण चुना उडाला आणि डोळ्यात गेला तर तो डोळा जाळत आत जातो. त्याला एकच उपाय, त्याच क्षणी पाणी, आणि तेही भरपूर, बराच वेळ. आमच्या पुस्तकात खाली सूचना होती. सरांनी ती वाचली: ‘चुन्याचा कण डोळ्यात गेल्यास डोळा ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा.’

सरांनी चष्म्यावरून बघितलं.

बाई म्हणाल्या, ‘नळ नसला तर, सर?’

सर म्हणाले, आता हायस्कुलाला नळ नाही असं कुठं राहिलंय. त्यावर बाईंचं म्हणणं, नळ असतो पण पाणी नसतं अशा शाळा त्यांना माहीत आहेत. आपण असं लिहू, की प्रयोगाआधी दोन बादल्या पाणी शेजारी भरून ठेवावं, आणि तेवढं पाणी नसेल तर हा प्रयोग करूच नये. प्रकाशकाचा माणूस कुरकुरला. पानं जुळवून झाली होती. दोन ओळी वाढल्या की आकृती पुढच्या पानावर जाणार, मग पुढची सगळी पानं सरकणार, छपाईची फिल्म पुन्हा काढावी लागणार. सर कंटाळले होते. शेवटची गाडी चुकायला नको होती. ते माझ्याकडं वळले.

‘तुम्ही बारावीच्या प्रात्यक्षिकांना बाहेरचे परीक्षक म्हणून जाता की. पूर्वेकडं पण गेलायत. तिकडं शाळांतून पाणी असतं ना?’

मी गेलो होतो, हे खरं. पण मला ते सांगायला परीक्षक म्हणून जायची काय गरज होती? तो रांजण, तो गाळ, विहिरीवरची ती झुंबड, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. नाही म्हटलं असतं तर सरांनी विचारलं असतं, कुठं बघितलंत, कुठल्या गावात. मी कुठल्या गावाचं नाव घेतलं असतं? एखादं खोटं गावही सांगता आलं असतं, हे मला नंतर कित्येकदा सुचलं. त्या वेळी मात्र मला वाटलं, तोंडातून त्या मुलखाचा एक शब्द जरी निघाला तरी मी नळाखाली छत्री मागणारा होणार.

‘असतं, सर,’ मी म्हणालो. ‘आता बहुतेक ठिकाणी असतं.’

‘तुम्ही बघितलंय?’ बाईंनी विचारलं.

‘हो.’

सरांनी खूण केली आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

खाली उतरल्यावर सर पान खायला थांबले. बाई चपला घालताना मला म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणालात म्हणून मी गप्प बसले. सर म्हणाले असते तर बसले नसते.’ त्यांना मी खरा वाटलो होतो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला तो मी तरुण होतो म्हणून असेल, किंवा मी खेड्यातल्या मुलांबद्दल बैठकीत कधीमधी कळकळीनं बोलायचो म्हणूनही असेल. ती कळकळ खोटी नव्हती. हेच तर मला कुणाला समजावता येत नाही.

पुस्तक निघालं. दोन्ही जिल्ह्यांतल्या बऱ्याच शाळांनी लावलं. मी एक प्रत गावी पाठवली, अक्काकडं, माझ्या थोरल्या बहिणीकडं. तिला वाचता येत नव्हतं, पण भावाचं नाव छापलंय म्हणून तिनं ते पुस्तक शेजारीपाजारी फिरवलं असणार. तिचं सासर आमच्या वस्तीपासून जवळच, थोड्या मोठ्या गावात. तिथं आठवीपर्यंत शाळा होती.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला अप्पा आजारी पडून मधूनच घरी परतले होते, म्हणून मी गावी गेलो. अक्का आली होती. अप्पांचे पाय दाबता दाबता ती इकडचं तिकडचं सांगत होती. कुणाची मेंढरं रोगानं गेली, कुणाचं लग्न ठरलं. मग म्हणाली, ‘आमच्या भावकीतली ती पोरगी न्हाई का रं, आठवीतली? शाळंत चुना उडाला तिच्या डोळ्यात. मिरजंला निली, पर लय उशीर झाल्ता. एक डोळा गेला बग तिचा.’

मी विचारलं, कसला चुना.

‘शाळंत कायतरी करून दावत हुते. आता तू मास्तर मानूस, जरा जाऊन बगून ये की. तिच्या बाला बरं वाटंल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काबरोबर गेलो. रस्ताभर मी स्वतःला समजावत होतो की दुसरं एखादं पुस्तक असेल, दुसरा काही प्रयोग असेल. मुलगी उंबऱ्याशी बसून चुलत भावाला खेळवत होती. एका डोळ्यावर स्वच्छ पांढरा फडका. मला बघून ती उठली आणि पाया पडली. तिच्या वडलांनी घोंगडं अंथरलं. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं.

शाळेत विज्ञानाचे नवे गुरुजी आले होते, फलटणकडचे, कालव्याकाठच्या गावचे. तरुण, हौशी. पुस्तकातला एकेक प्रयोग पोरांना करून दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी चुन्यावर पाणी ओतलं, आणि ढेकूळ फुटून उडालं. मुलगी ओरडली. गुरुजींनी पुस्तकात लिहिलं होतं तेच केलं. तिला उचललं आणि पळत शाळेच्या भिंतीवरच्या नळापाशी नेलं. कुठल्याशा योजनेत तो नळ बसवला होता. गुरुजींना शाळेत येऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी तिचं डोकं नळाखाली धरलं आणि तोटी फिरवली. नळ नुसता फुसफुसला. त्यांनी परत फिरवली. मग पोरं ओरडली की ह्यात पाणी येत नाही. ते रांजणाकडं धावले. टँकर दोन दिवस आला नव्हता, रांजण रिकामा. कुणीतरी घरातून तांब्याभर आणलं. एका तांब्यानं काय होतंय. मग वडापची, शीटं भरून नेणारी जीप मिळेपर्यंत, जतला पोचेपर्यंत, तिथून मिरजेला पाठवेपर्यंत ओल्या फडक्यानं डोळा पुसत राहिले.

वडलांना कुणाचा राग नव्हता. असला तरी माझ्यासमोर दाखवला नाही. त्यांनी चहा मागवला. शेजारून दूध आणायला कुणीतरी पळालं. मला तो चहा प्यावा लागला.

मग मुलगीच म्हणाली, ‘मामा, तुमचं नाव हाय की त्या पुस्तकात.’

मी म्हणालो, हो.

‘मी गुरुजींना सांगितल्तं, ह्ये आमचे मामा हायती म्हणून. तर गुरुजी म्हनले, पुस्तकात तर सातारा लिवलंय, ते दुसरं कोन असतील. पोरं लय हसली मला.’ ती थोडी लाजली. ‘म्हणून मी म्होरं जाऊन बसले हुते. म्हटलं, मामाचं पुस्तक हाय.’

अक्का तिच्या केसांवरून हात फिरवत होती. मी बोलायला हवं होतं. तिथं माझी जीभ साताऱ्याची असायची काही गरज नव्हती, त्या घरात मला सगळे कुणाचा कोण म्हणून ओळखत होते. ‘गुरुजींनी बरोबर केलं, चूक माझी आहे’ एवढं एक वाक्य. मी मुलीला चांगला अभ्यास कर म्हणालो आणि उठलो.

ती शाळा ज्या संस्थेची होती, तिनं गुरुजींवर ठपका ठेवला. गुरुजी म्हणाले, मी पुस्तकात होतं तसंच केलं. म्हणून संस्थेचे एक गृहस्थ त्यांना घेऊन सांगलीला प्रकाशकाकडं आले आणि आम्हा चौघांनाही बोलावलं गेलं. तोच माळा, तीच सतरंजी. गुरुजी जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांना कुणी बस म्हटलं नाही, मीही नाही. त्यांच्या सदऱ्याची गुंडी चुकून खालच्या काजात लावलेली होती.

सर म्हणाले, सूचना स्पष्ट आहे. वाहत्या पाण्याखाली धरावा असं लिहिलंय. प्रयोग करण्याआधी शिक्षकानं पाण्याची खात्री करून घ्यायला नको का? संस्थेच्या गृहस्थांनी मान डोलावली. डॉक्टर दुःखी चेहऱ्यानं खाली बघत होते.

बाई म्हणाल्या, ‘हाच प्रश्न मी विचारला होता. याच जागी. दोन बादल्या लिहा असं मीच म्हणाले होते.’ मग त्या माझ्याकडं वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या मला संधी देत होत्या असं आता वाटतं. ‘तुम्ही सांगा. तुम्ही बघितलंय म्हणाला होतात.’

सगळे माझ्याकडं बघत होते. गुरुजीही. त्या माणसाची नोकरी माझ्या पुढच्या वाक्यावर उभी होती, आणि ते त्याला कळत होतं.

मी म्हणालो, ‘पूर्वेकडच्या सगळ्याच शाळा काही मी बघितलेल्या नाहीत.’

ते वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच मी ते निवडलं. पुढं थोडा वेळ बोलणं झालं, मग सगळे उठले. गुरुजींची नोकरी गेली. ते फलटणकडं परत गेल्याचं कळलं. बाईंनी दुसऱ्या आवृत्तीतून आपलं नाव काढून घेतलं, आणि परिचयाच्या पानावर आम्ही तिघेच उरलो. त्या आवृत्तीत दोन बादल्यांच्या त्या दोन ओळी घातल्या गेल्या. त्या मीच लिहिल्या. प्रकाशकानं माझ्या दक्षतेचं कौतुक केलं, आणि सरांनी एसटीत पाठीवर थाप मारली. मी शेंगदाणे खात होतो.

नंतर मी आणखी पुस्तकं लिहिली. नाव झालं. मुलाखतींत विचारायचे, विज्ञानाची गोडी कुठून लागली, घरी काही वारसा होता का. आधी मी सातारा म्हणायचो. मग काळ बदलला, आणि दुष्काळी भागातून आलेला माणूस लोकांना आवडायला लागला. तेव्हा मी जत सांगायला लागलो. मेंढरं, टँकर, थुंकीनं पुसलेली पाटी, सगळं सांगितलं, आणि लोकांचे डोळे पाणावलेले मी बघितले. सांगायला जेव्हा काही किंमत पडत नव्हती तेव्हा सांगितलं. ह्याची मला त्या खोट्या उत्तराहूनही जास्त लाज वाटते.

अप्पा गेले, सर गेले. ती मुलगी आता मोठी आहे, त्याच गावात अंगणवाडी चालवते. तिला काचेचा डोळा बसवलाय, चटकन कळतही नाही. लग्न उशिरा झालं. का, ते कुणी बोलून दाखवत नाही. गावी गेलो की भेटायला येते, मामा म्हणते, आणि आलेल्यागेलेल्यांना सांगते की ह्यांनी पुस्तकं लिहिली आहेत. बाई निवृत्त होऊन मिरजेलाच असतात. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी एकदा जाऊन आलो आहे. गुरुजींचा पत्ता मी कधी काढला नाही. काढणं अवघड नव्हतं.

तिकडच्या शाळांत पाणी नसतं हे मला माहीत होतं आणि तरी मी असतं म्हणालो, हे मला त्या मुलीला समोर बसून सांगायचं आहे. बाईंना सांगायचं आहे की त्या बरोबर होत्या, आणि मी त्यांना फसवलं. गुरुजींना शोधून, त्यांच्या संस्थेतल्या लोकांदेखत सांगायचं आहे की त्यांची काही चूक नव्हती. हे तिघांचंही देणं माझ्याकडं आहे. त्यातलं एकही मी अजून फेडलेलं नाही.